एक्याऐंशी दिवे आणि एक ड्रोन

४ फेब्रुवारी
निर्णय झाला. सासऱ्यांच्या, म्हणजे भय्यासाहेबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग मी करणार. गॉगल लावून उडवायच्या ड्रोननं. ड्रोनला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. विक्रांत व्हिडिओवाल्याला फोन करून नको सांगितलं. त्याच्या व्हिडिओत निम्मा वेळ लोक पुऱ्या खातात.
भय्यासाहेबांची थोरली बहीण सुनंदाआत्या देवासला अंथरुणाला खिळलेली. येऊ शकत नाही. ते म्हणाले, "जावईबापू, मला ओवाळताना अक्काला दिसलं पाहिजे. बाकी काय उडवायचं ते उडवा."
दिसेल. मी बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होतो.

७ फेब्रुवारी
इंदूरला जाऊन आलो. दुकानदारानं आधी विचारलं, घर के अंदर या बाहर? मग तळहाताएवढा ड्रोन काढला, पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी. नवशिक्यानं हाच घ्यावा म्हणे, आणि आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. मी म्हटलं, खेळणं नकोय. गॉगल त्याच्याकडचा सगळ्यात भारी घेतला. ड्रोन शेजारच्या दुकानातून, मोठा. रिमोट ऑनलाइन. प्रत्येक वस्तू आपापल्या वर्गात पहिली.

१० फेब्रुवारी
तिन्ही वस्तू एकमेकींना ओळखत नाहीत. गॉगल डिजिटल, ड्रोन ॲनालॉग, रिमोटचं तिसरंच काहीतरी. गॉगलमध्ये काळोख. बायकोनं, मृणालनं, विचारलं, काय दिसतंय? सांगितलं, कॅलिब्रेशन चालू आहे. तिनं जेवायला हाक मारेपर्यंत काळोख बघितला.

११ फेब्रुवारी
परत इंदूर. दुकानदारानं तोच तळहाताचा डबा काढला. सोबत त्याला जुळणारा गॉगल आणि रिमोट. घरी सांगितलं, कार्यक्रमाच्या हॉलच्या मापाचा विचार करून लहान घेतला.

१३ फेब्रुवारी
सिम्युलेटर. झाडाला धडकलो. मग त्याच्या पलीकडच्या झाडाला. प्रोग्राममध्ये झाडं फार दाट ठेवली आहेत. माधव नगरच्या हॉलमध्ये एकही झाड नाही. सिम्युलेटर बंद.

१४ फेब्रुवारी
बैठकीत पहिलं उड्डाण. पडदा. दुसरं. तोच पडदा. तिसऱ्यात फ्रिजच्या मागे. बॅटरी चार मिनिटं टिकते, माणसानं शिकायचं कधी? फ्रिज सरकवता सरकवता मृणाल म्हणाली, विक्रांतला परत विचारू का? गरज नाही, म्हटलं.
बाल्कनीत जाऊन मीच फोन केला. तो म्हणाला, "काका, अब तो भैरवगढची शादी पकडली."
कढी घेतली नाही. आंबट असावी.

१६ फेब्रुवारी, सकाळ
आजचा प्लॅन पक्का. ओवाळायला सुरुवात झाली की टेक-ऑफ, एक्याऐंशी दिव्यांवरून एक फेरी, भय्यासाहेबांचा चेहरा जवळून, लँडिंग. कुणी मोबाइल काढू नये, हे माइकवरून मीच सांगणार. फ्रेममध्ये हात येतात. मृणाल म्हणाली, एक फोन तरी असू द्या. तत्त्वाचा प्रश्न आहे, म्हटलं.
भरलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ
सगळ्यांनी मोबाइल खिशात ठेवले. शिस्तीची माणसं.
टेक-ऑफ उत्तम. तबकावर आलो तर पंख्यांच्या वाऱ्यानं दिव्यांची पुढची रांग विझली. मृणालचा आवाज, वर घ्या, वर. वर घेतला. त्यानंतर गॉगलमध्ये सगळा हॉल उलटा. ड्रोन उलटा उडत असणार. पण इतका स्थिर, की माझं मलाच नवल वाटलं. तो सरळ करायला मी सगळी बटणं दाबून पाहिली. त्यात एक पाठमोरा माणूस सारखा मधोमध. दोनदा सांगितलं, भाईसाहब, बाजूला व्हा. ढिम्म हलला नाही.
शेवटी गॉगल काढला. समोर भिंत. मागे वळलो तर स्टेज रिकामं, मंडळी पानावर बसलेली. ड्रोन झेंडूच्या तोरणात लटकत होता.
श्रीखंड वाढून घेताना भय्यासाहेबांनी विचारलं, अक्काला आजच पाठवाल ना? एडिटिंग बाकी आहे, म्हटलं.

१८ फेब्रुवारी
गॉगलमध्ये रेकॉर्डिंग सापडलं. मोटर बंद पडली तरी कॅमेरा चालू होता. मृणालनं ते लॅपटॉपवर सुलटं केलं. कोपऱ्यात दिव्यांचा उजेड आणि भय्यासाहेबांचा एक कान. मधोमध तोच पाठमोरा माणूस, भिंतीकडे तोंड, हातात रिमोट. कुर्ता माझा आहे.
दुसरं काहीच नव्हतं. तेच देवासला पाठवलं. संध्याकाळी आत्यांचा फोन. मृणालनं स्पीकरवर टाकला. आत्या म्हणाल्या, भय्याचा कान हुबेहूब बाबांसारखा, तीनदा बघितला. मग म्हणाल्या, "पण मधे तो भिंतीकडे तोंड करून कोण उभा आहे गं?"
मृणालनं माझ्याकडे पाहिलं.
"हॉलचा वायरमन आहे, आत्या," मी म्हटलं.
"बिचारा," आत्या म्हणाल्या. "इतकं सुंदर ओवाळणं, त्याला काहीच दिसलं नसेल."