बुडवलेला लसूणघास

मु. पो. मांजरी

दादा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण पेन वळेना.

आपल्या काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की लसूणघासाची मुळं सडतात, हे तुला बाबांनी शिकवलं होतं. तेवढं बरं लक्षात ठेवलंस! मी आईला घेऊन दवाखान्यात होते, तेव्हा शनिवार पेठेतून येऊन तू मोटर चालू केलीस आणि दोन दिवस घासात पाणी सोडून ठेवलंस. शेजारच्या रतनकाकूंनी पाहिलं तुला. चारा गेला की शालन गाई विकेल आणि जमीन द्यायला बिल्डरच्या कागदावर मुकाट्याने सही करेल, हाच ना बेत? बहिणीशी समोर येऊन भांडायचीसुद्धा तुझी हिंमत नाही.

मी चर खणून पाणी काढलं. निम्मा घास सडला, उताराकडचा तगला. काल त्याची कापणी केली. सही मिळणार नाही.

आईला मात्र सांगितलं, "मोटर बंद करायची मीच विसरले." तेव्हापासून ती मला वेंधळी म्हणते आणि तुझं कौतुक करते. आत्ताही विचारतेय, "दादाला काय लिहितेस गं?"

मी वाचून दाखवलं, "घास छान आलाय, आईला भेटून जा."

ती किती खूश झाली! तिचा मुलगा चांगलाच राहू दे. हे पत्र मी फाडून टाकतेय.

आईची,
शालन