मक्याच्या पावाची खूण

प्रिय पप्पा,

बसा आणि मग वाचा. कॉलेज फुटबॉलची माझी शेवटची मॅच जिंकलो! क्वार्टरबॅक म्हणून बॉल फेकून माझे सगळ्या वर्षांचे मिळून नव्वद टचडाउन झाले, आमच्या कॉलेजात आजवर कुणाचेच एवढे नाहीत.

वीस सेकंद उरले होते, आम्ही मागे होतो आणि समोरच्या टीमच्या मैदानावर ऐंशी हजार माणसं अशी बोंबलत होती की माझी हाक कुणाला ऐकू जाईना. लाकडाच्या गिरणीत तुमचे कान गेल्यापासून आपण हातांनी बोलतो ना, त्या खुणा मी टीममधल्या पोरांना शिकवून ठेवल्यात. मी 'मक्याचा पाव इकडे दे' ही आपली जेवतानाची खूण केली. त्याचा आमच्यातला अर्थ, कोपऱ्याकडे पळ. आमच्यातला डेझमंड पळाला, मी फेकलेला बॉल त्यानं शेवटच्या रेषेपलीकडे छातीशी आवळला आणि टचडाउन झाला!

तो म्हणतो, "खरा कोच तुझा बापच!"

खांदा थोडा धरलाय, आईला बोलू नका. तिचा गुडघा कसाय?

त्या बॉलनंतर अख्खं मैदान गप्प झालं, पप्पा. क्षणभर मला तुमच्यासारखं ऐकू आलं.

तुमचाच,
रॉयस