टोकाचा खुंट

मंगळवार, संध्याकाळ

बाबांना जाऊन महिना झाला. आज मुलुंडच्या खाडीतून त्यांच्या जाळ्याचे खुंट उपटून आणले. टोकाचा निघता निघेना. शेजारच्या तिवरावर खंड्या किंचाळत होता. निळी पाठ, काळी टोपी, लाल चोच. मी त्याच्यावरच खेकसलो. खुंटाचा माथा शिटेने पांढरा झालेला, तो घरी घासून धुतला.

आई बघतच राहिली. "टोकाचा पण आणलास? त्याला जाळं कधीच बांधत नव्हते रे. खंड्या येतो ना थंडीत, त्याला बसायला ठोकलेला त्यांनी."

उद्या परत ठोकेन. पण तो पांढरा माथा मी घासून टाकला.

मला का नाही सांगितलं बाबांनी? त्यांच्या होडीत मी बसलोच कधी?