कार्टूनचं शेवटचं गाणं

जपान, १९९२

माय, तुझ्या पायावर मुंजाजीचा दुरूनच माथा.

मी मजेत हाय. पासपोर्ट मालकाच्या कपाटात हाय, हरवायची भीती न्हाई. व्हिसाची मुदत सरल्यामुळं कारखान्याबाहेर जात न्हाई. पायाला तेवढाच आराम.

मालकाची पोरगी टीव्हीवर कार्टून बघती. सगळं जपानीत, शेवटचं गाणं तेवढं इंग्रजीत. मला रोज अर्थ विचारती. एकदा एक ओळ समजली: मी जातो. तिला सांगितलं, आमच्यात निघताना ‘जातो’ म्हणत न्हाईत, ‘येतो’ म्हणतात. आता गाणं संपलं की टीव्हीला हात हलवून ‘येतो’ म्हणती.

शेळी व्याली का? तुझा गुडघा कसाय?

वालूरहून एस्टी सुटताना मी ‘जातो’ म्हणलो, तर तू कंडक्टरला थांबवून माझ्याकडून ‘येतो’ म्हणवून घेतलंस. लय बरं केलंस, माय. ते तरी कुणाच्या कपाटात न्हाई.

तुझा,
मुंजाजी