खापरपणजीचा डावखुरा टाका

अतबाशी

सइराताई,

बेर्मेतचा तुम्हा सगळ्यांना सलाम. मी सुखरूप पोचले, घोडीचं दूधही पचलं. आईचे गुडघे कसे आहेत?

आपल्याला सात पिढ्यांच्या बापांची नावं तोंडपाठ, बायांचं एकही नाही. म्हणून तर दीडशे वर्षांपूर्वीच्या खापरपणजीच्या माहेरी आले. तिचं नाव कुंदुझ, हेही इथंच कळलं. इथल्या बातमाआजीनं कुंदुझनं शिवलेला नमदा, म्हणजे जाड लोकरी गालिचा, पसरला. सगळे टाके डावखुरे.

"तुमच्यात डावखुरी कोण?"

मी तुझं नाव सांगितलं.

"मग हा तिचा. तू नुसती हमाल."

डोंगर मी तुडवले आणि पणजी तुझी निघाली. नमदा आणतेय. कोपऱ्यात माझ्या उजव्या हाताचा एक टाका घातलाय. उसवशील तर बघ.

तुझीच धाकटी,
बेर्मेत