ठेवणीतलं खोकं

आई, आज चार वाजेपर्यंत मला एका कागदावर सही करायची आहे आणि मी तुला लिहीत बसले आहे. बसले आहे म्हणजे काय, मघापासून तीनदा उठले. एकदा मशीनकडे, एकदा खिडकीशी, एकदा उगाचच. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे आणि खोकी तपासायची खोली माझ्या ताब्यात आहे. रिकामं खोकं मशीनमध्ये ठेवायचं, वरची पाटी हळूहळू खाली येते, आणि खोकं जिथे मान टाकतं तो आकडा लिहायचा. आठ दिवस पाऊस थांबलेला नाही, पुठ्ठ्याने ओल धरली आहे. सकाळी पाच खोकी दाबली, चार ठरलेल्या आकड्याआधीच बसली. मॅनेजर येऊन म्हणाले, मॅडम, मागच्या वर्षीसारखं ओव्हनमध्ये सुकवा आणि परत दाबा. माणूस वाईट नाही; गाडी दारात उभी आहे, गिऱ्हाईक सारखं फोन करतं आहे. सुकवलेलं खोकं कडक होतं, पास होतं. बाकीचा सगळा लॉट ओलाच जातो.

तू उल्हासनगरला त्या सेठकडे खोक्यांना पिना मारायचीस, हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक आलं की सेठ तुला मशीनवरून उठवायचा, "बाई, जरा खडी हो जाओ", आणि तू कपाटावरचं एक खोकं काढून, पदर खोचून त्यावर उभी राहायचीस. ते ठेवणीतलं खोकं, चांगल्या कागदाचं, फक्त दाखवायला. मी दहावीत होते. घराची किल्ली हवी म्हणून कुळगावच्या घरून तुझ्या कामावर आले, तर समोर लोणच्याचा व्यापारी बसलेला आणि तू खालच्या ढिगातलं खोकं ओढते आहेस. सेठ म्हणतोय, वो नहीं, ऊपरवाला. तू ऐकत नाहीस. चढतेस, आणि खोकं तुझ्यासकट खाली बसतं. तू कोपरावर पडलीस. व्यापारी हसला, मशीनवरच्या बायकाही हसल्या, आणि मी तुला उठवायचं सोडून बाहेर जाऊन उभी राहिले.

घरी येताना मी तुला वाट्टेल ते बोलले. लाज कशी वाटत नाही, चारचौघांत पडतेस, असं काहीबाही. तू कोपर चोळत सगळं ऐकून घेतलंस आणि मग म्हणालीस, "बरणी सेठच्या डोक्यावर नाही गं फुटत. हमालाच्या फुटते." दुसऱ्या दिवशी सेठने तुला मशीनवरून काढून खळ लावायला बसवलं, आणि दिवाळीपर्यंत तुझी बोटं चिरलेली होती. काय मिळवलं हिने, असं मला वाटायचं. नसतं शहाणपण नडलं.

मागच्या वर्षी मी ओव्हन लावला. सही केली. पुढे गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमध्ये त्याच खोक्यांची थप्पी कोसळली आणि माल लावणाऱ्या एका माणसाचा पाय मोडला. मीटिंगमध्ये मी सांगितलं की थप्पी फार उंच लावली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या, मॅनेजरनीसुद्धा. आज नापास लिहिलं तर मागच्या पावसाळ्यातली अशीच खोकी पास कशी झाली, हे कोणीतरी विचारणारच. मग नोकरी राहत नाही. या वयात दुसरी कोण देणार? मला भीती वाटते आहे, आई. जेवणाचा डबा तसाच आहे.

मधे थांबले होते. मॅनेजर आले, ओव्हन बंद आहे हे त्यांनी पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. मी त्यांच्यादेखत सकाळचेच आकडे लिहिले, खाली नापास लिहिलं आणि सही केली. सही माझी वाटत नाही.

"मागच्या वर्षीचं काय करणार आहात?" त्यांनी विचारलं.

तेही लिहून देते, म्हटलं. ते उठून फोन करायला गेले. अजून आलेले नाहीत.

आता तो दुसरा कागद लिहायचा आहे. त्याआधी हे पत्र फाडून टाकेन, पाठवायचं तरी कुठे? पण एक सांगायचं राहिलं. त्या माणसाचा पाय मोडल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा तो आला नाही, तू आलीस. बरं झालं, आई आता नाही, असं वाटलं मला.