पक्का पत्ता

मोरा, २८ डिसेंबर १९८४

ती. ताईस,
दिनानाथचा साष्टांग नमस्कार.

विनयभंगाची दीड वर्षं भोगून सुटलो, त्याला तीन महिने झाले. धक्क्यावर देवजीशेठकडे बर्फ फोडतो. पण तिसरी खोलीही गेली. हवालदार चौकशीला येतो, तो माझा गुन्हा सगळ्या आळीला ऐकवूनच जातो. मग मालक ट्रंक बाहेर ठेवतो. आता शेडमध्ये निजतो, ते चौकीला चालत नाही. कामावरच्या शेवंताबाईंशी मी वाईट वागलो, हे नाकारत नाही. पण पक्का पत्ता दिला नाही तर पुन्हा आत, असा हुकूम आहे. तुझ्या घराचा देऊ का? दर शनिवारी मुक्कामाला येईन, म्हणजे अगदीच खोटं होणार नाही.

नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही.

तुझा,
दिनानाथ

वाशी, ५ जानेवारी १९८५

चि. दिनानाथ यास,
वैजयंतीचे अनेक आशीर्वाद.

पत्ता खुशाल दे. त्यात विचारायचं काय, शहाण्या? ह्यांनी थोडी कुरकुर केली, तिकडे मी कानाडोळा केला. तुझा कैवार मात्र घेणार नाही. शेवंताबाईंना नोकरी सोडावी लागली, ते माझ्या मनातून जात नाही. तरी भाऊ माझाच ना. सुकट आणलीस तर घट्ट बांधून आण, आमच्या सोसायटीची नाकं फार तिखट आहेत.

तुझी वाट पाहते.

ताई

वाशी, ३० जानेवारी १९८५

चि. दिनानाथ यास आशीर्वाद.

गेल्या मंगळवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. खोली बायकांनी भरलेली, आणि दारात हवालदार. दिनानाथ नावाचा सुटलेला कैदी इथेच राहतो का, असं त्याने मोठ्याने विचारलं. सेक्रेटरींची बायको माझ्याकडेच बघत होती. असा कोणी इथे राहत नाही, असं मी बोलून गेले. त्याने ते लिहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी चौकीवर जाऊन खरं सांगितलं. साहेब म्हणाले, बहीण भावाला वाचवायला येणारच. शनिवारी तू आला नाहीस म्हणून ह्यांना मोरा बंदरावर पाठवलं, तेव्हा कळलं की तुला नेलं. माफ कर म्हणायचीही लाज वाटते रे.

दोन ओळी तरी लिही.

ताई

तुरुंगातून, १७ फेब्रुवारी १९८५

ती. ताईस नमस्कार.

खोटा पत्ता दिला म्हणून चार महिन्यांची शिक्षा लागली. देवजीशेठनी दुसरा माणूस घेतला. तुझ्यावर राग नाही. तेवढ्या बायकांसमोर मीही तेच बोललो असतो.

जूनमध्ये सुटेन. वाशीला येणार नाही. कुठे जातो ते चौकीला कळवणार नाही, आणि तुलाही नाही. हवालदार पुन्हा आला, तर भाऊ कुठे आहे ते मला ठाऊक नाही, एवढंच सांग. तुला खोटं बोलावं लागणार नाही.

माया असू दे.

दिनानाथ